बकऱ्याचं नरडं, आप्पांचा नियम

मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिलेली आमच्या घराण्यातली पहिली बाई मीच असेन. आमचं घर जैनांचं, कसबा बावड्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावणारं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारं, कांदा-बटाटा घरात न आणणारं, पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारं. आणि मी दर बुधवारी सकाळी, बावड्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हातात स्टीलचा डबा घेऊन उभी. बुधवारी कोल्हापुरात मटणाला किती गर्दी असते ते काय सांगायचं. माझ्या पुढे-मागे लोक मांडीचं, चापाचं बोलत असायचे. मी फक्त नरडं मागायची.

पहिल्या दिवशी दुकानदारानं सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं. "नरडं? कुत्र्याला व्हय, ताई?"

खरं सांगायला गेले असते तर मागची रांग खोळंबली असती. मी म्हटलं, "व्हय."

तेव्हापासून दोन वर्षं तो मला दर आठवड्याला विचारतोय, "कुत्रं बरं हाय न्हवं?" आणि मी दर आठवड्याला नसलेल्या कुत्र्याची तब्येत सांगतेय. एकदा तर कुत्र्याला जुलाब झालेत, आज नको, असंही सांगितलं, कारण त्या दिवशीचं नरडं तुटलेलं होतं. खोटं बोलायला मी तिथंच शिकले असं म्हणणार नाही. पण हात तिथं बसला.

ते नरडं आमच्या प्रयोगशाळेत जायचं. शिरोलीच्या रस्त्याला एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, ती प्रयोगशाळा आहे. तिथं आम्ही श्वासनलिकेचं अस्तर वाढवतो. सांगायला सोपं आहे. बकऱ्याची श्वासनलिका घ्यायची, मांस-चरबी खरवडायची, मग एका खास साबणाच्या पाण्यात ती थंड जागी दिवसेंदिवस हलवत ठेवायची. पाणी बदलायचं, परत हलवायची. हळूहळू तिच्यातल्या बकऱ्याच्या सगळ्या पेशी सुटून वाहून जातात. उरतो तो पांढराफटक, अर्धवट आरपार दिसणारा सांगाडा. कड्यांचा आकार तसाच, पण आत कोणी राहत नाही. रिकाम्या झालेल्या चाळीसारखा. त्या सांगाड्यावर माणसाच्या पेशी पेरायच्या. आधी त्यांना द्रवात बुडवून ठेवायचं, मग वरून हवा लागू द्यायची. हवा लागली की तीन-चार आठवड्यांत त्या पेशींवर बारीक केस येतात आणि ते केस एका लयीत हलायला लागतात. तुमच्या-माझ्या छातीत कफ वर ढकलणारे हेच ते केस. ज्याला नळी घालायची त्याच्याच पेशी वाढवल्या तर शरीर ती परकी म्हणून झिडकारणार नाही, अशी यामागची कल्पना.

कल्पना. हा शब्द मी आता मुद्दाम लिहिते. तेव्हा मीही तो गाळत होते.

आमच्याकडे नीट वाढलेला सगळ्यात मोठा तुकडा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. तोही सपाट. गोल नळी आम्ही एकदाच करून पाहिली. शिरोलीच्या एका वर्कशॉपमधून स्टीलचा गज घासून गुळगुळीत करून आणला, त्याच्यावर नरडं ओढून बसवलं, आतून पेशी सोडल्या. सहाव्या दिवशी पूर्ण नळीला काळी बुरशी. पावसाळ्यात बावड्यातल्या भिंतींना धरते तीच. आणि बुरशी नसती धरली तरी पुढं काय? नळीला रक्त कुठून मिळणार? रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा तुकडा माणसाच्या गळ्यात शिवला तर तो तिथं सडणार. हे आम्हाला माहीत होतं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, बाटल्या धुणाऱ्या मावशींनासुद्धा एव्हाना माहीत झालं असेल. फक्त एका माणसाला माहीत नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आप्पा.

साथीच्या दुसऱ्या लाटेत आप्पा तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होते. शेजारच्या दोन्ही कॉटवरची माणसं गेली, आप्पा घरी आले. गल्लीनं ओवाळलं. दोन महिन्यांनी आप्पांच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. राजारामपुरीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. व्हेंटिलेटरसाठी घशातून आत घातलेल्या नळीनं जिथं दाबलं होतं तिथं व्रण धरला होता आणि श्वासनलिका आतून आवळत चालली होती. त्यांनी ती ताणून मोठी केली. परत आवळली. परत ताणली. पुण्याला नेलं. तिथं सांगितलं की आवळलेला भाग लांबलचक आहे, कापून टोकं जोडता येणार नाहीत. शेवटी गळ्याला भोक पाडून त्यात प्लास्टिकची वाकडी नळी बसवली. ती अजून आहे.

आप्पा म्हणजे बांधावरून हाक मारली की पलीकडच्या रस्त्यावरची बैलगाडी थांबायची, असा आवाज. आता बोलायचं झालं की आधी भोकावर बोट ठेवावं लागतं, मग तीन-चार शब्द निघतात, मग बोट काढून श्वास. भोकावर काहीतरी ओलसर कापड लागतं. आईनं घरातल्या पाणी गाळायच्या फडक्याचाच तुकडा कापला, दुहेरी शिवला, नाडी लावली. मी म्हटलं, दवाखान्यातलं तयार मिळतं. ती म्हणाली, "ह्येच बरं. एकांदं चिलट आत गेलं तर त्याचाबी जीव जायाचा." नवऱ्याच्या गळ्याला भोक पडलं होतं आणि ही बाई चिलटाची काळजी करत होती. मला तेव्हा राग आला होता. आता त्या फडक्याची आठवण आली की माझीच लाज वाटते.

आता माझ्या चुका सांगते. पहिली, मी आप्पांच्या पेशी घेतल्या.

आम्हाला पेशी देणारी माणसं हवी होती. नाकात बारीक ब्रश फिरवला की पुरतं, दुखत नाही. रीतसर अर्ज असतो, त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे संशोधनासाठी आहे, देणाऱ्याला यातून उपचार मिळणार नाही. आप्पांनी अर्ज वाचला नाही. मी पुढं केला म्हणून सही केली. मी मोठ्यानं वाचून दाखवायला हवा होता. मी फक्त सहीच्या जागेवर बोट ठेवलं. नाकातून ब्रश काढल्यावर त्यांनी फडकं बाजूला करून भोक दाबलं आणि विचारलं, "एवड्यात भागतंय?"

"भागतंय की," मी म्हटलं.

आणि नेमक्या त्यांच्याच पेशी सगळ्यात जोमानं वाढल्या. आता याला काय म्हणायचं! इतरांच्या मरगळायच्या, आप्पांच्या पंधरा दिवसांत थाळी भरून टाकायच्या. नखाएवढा तो तुकडा मी सांगितला ना, तो त्यांचाच. बकऱ्याच्या सांगाड्यावर आप्पांचं अस्तर. केस हलायला लागले त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकावर मोबाइल धरून त्याचं चित्रीकरण केलं आणि संध्याकाळी बावड्याला जाऊन त्यांना दाखवलं. ही दुसरी चूक. त्यांनी चष्मा लावून चार वेळा पाहिलं.

"ह्ये माजं हाय?"

"तुमचंच."

"जित्तं?"

"जित्तं की. बघा न, हलतंय."

त्यांनी मोबाइल आईकडे दिला. मग उठून गोठ्याकडे गेले. मला वाटलं, बापाला एक गंमत दाखवली. त्यांना वाटलं, नळी सुरू झाली.

तिसरी चूक माझी नाही, सरांची. तरी गप्प बसले म्हणून माझीही. सरांना प्रसिद्धीची हौस होती. माणूस वाईट नव्हता, पण कॅमेरा दिसला की त्यांची जीभ सैल सुटायची. एका पेपरवाल्यानं विचारलं, नळी कधी बसवणार? सर म्हणाले, लवकरच. दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी, कोल्हापुरात तयार होतेय माणसाची श्वासनलिका. फोटोत काचेची बरणी हातात धरून मी उभी. बरणीत धुतलेलं नरडं. अजून एकही पेशी न लावलेलं, नुसतं बकरं. मी सरांना म्हटलं, हे खरं नाही. ते म्हणाले, "अहो, लवकरच म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

आप्पांनी ते कात्रण राजारामपुरीत जाऊन लॅमिनेट करून आणलं. तपासणीला जाताना ते फाईलमध्ये सगळ्यात वर असायचं. डॉक्टरांसमोर ते कात्रण ठेवायचे, भोक दाबायचे आणि म्हणायचे, "माजी ल्येक." डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी कात्रण वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आप्पांना म्हणाले, "छान आहे. मुलीला विचारत राहा." मला विचारत राहा! त्यांना चांगलं ठाऊक होतं. सांगायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात अडकवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग आप्पा विचारत राहिले. आधी महिन्यातून एकदा. मग प्रत्येक रविवारी. "कुटवर आलंय?" "चाललंय, आप्पा." "पावसाळ्यापातूर हुईल?" "बघू." आमच्याकडे थोरल्या मुलीला आक्का म्हणतात. आप्पा मला आक्का म्हणतात, आणि तीन-चार शब्दांत भागवायचं असलं तरी त्यातला एक शब्द ते आक्कावर खर्च करायचे. आक्का, कुटवर आलंय.

एका रविवारी त्यांनी बोट ठेवलं आणि ठरवून आणल्यासारखं म्हणाले, "आक्का. मला तारीख सांग."

मी खरं सांगू शकले असते. तेव्हाच, तिथंच. नळी होणार नाही, तुमच्या हयातीत नाही, कदाचित माझ्याही नाही. एवढी दोन वाक्यं. माझ्या तोंडात ती आलीही होती. पण त्यांचं बोट भोकावर तसंच होतं, उत्तरासाठी त्यांनी श्वास धरून ठेवला होता. आणि माझ्यातल्या भित्र्या बाईला एक पळवाट सापडली.

मी म्हटलं, "आप्पा, एक सांगायचं राहिलंय. त्या नळीत बकऱ्याचं नरडं असतंय."

त्यांनी बोट काढलं.

मी भराभरा सांगत सुटले. दुकान, बुधवार, डबा, साबणाचं पाणी, सगळं. पेशी तुमच्या पण सांगाडा बकऱ्याचा. म्हणजे एक जीव मारल्याशिवाय ही नळी होतच नाही. आणि ती तुमच्या गळ्यात कायमची राहणार. इतकं पोटतिडकीनं बोलले की कोणाला वाटावं मीच नियमाची बाई आहे. मनात हिशेब साधा होता. जो माणूस उभ्या जन्मात अंड्याचा केक घरात येऊ देत नाही, तो याला नाही म्हणणार. त्यांनी स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं की विषय मिटला. मला काही सांगावं लागणार नाही, आणि त्यांना वाटेल की आपणच धर्मासाठी सोडलं. त्यांचा मान राहील. बघा, किती विचार केला होता मी त्यांच्या मानाचा!

त्यांनी एकच विचारलं, "प्लास्टिकची हुईत न्हाय?"

प्लास्टिकचे सांगाडेही आमच्याकडे होते. बारीक धाग्यांचं कापड विणल्यासारखं करणारं यंत्र होतं. त्याच्यावर पेशी जरा रुसायच्या एवढंच. मी म्हटलं, "न्हाय. त्याच्यावर धरत न्हाईत."

"तुला बुधवारचं बघितलं हुतं," ते म्हणाले. श्वास घेतला. परत बोट. "दुकानात. भावकीतल्यानं. मला येऊन सांगितलं. म्हटलं, कामाचं आसंल."

म्हणजे त्यांना कधीचंच माहीत होतं. एवढे दिवस भावकीत कुजबुज चालली असणार, अमक्याची पोरगी मटण खाते, आणि या माणसानं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझ्या कामावर एवढा विश्वास मीसुद्धा ठेवला नव्हता. मी चहा पिऊन निघाले.

पुढच्या आठ दिवसांत त्यांचा फोन नाही, निरोप नाही. मला हलकं वाटलं. हे लिहायला अवघड आहे, पण वाटलं. मी गाडीवरून जाताना गाणं गुणगुणत होते.

नवव्या दिवशी आईचा फोन. "तुज्या बानं गूळ सोडला."

मला कळेना. "मंजे?"

"गूळ, साकर, समदं ग्वाड. जलमभर. चातुर्मासाला म्हाराज आल्यात न्हवं बस्तीत, त्यांच्याम्होरं नियम घेऊन आलाय. का म्हणून इचारलं तर सांगंना. तू काय बोललीस काय त्यास्नी?"

बस्ती म्हणजे आमचं मंदिर. आमच्यात नियम घेतात तो असा. मुनी महाराजांपुढं हात जोडायचे, काय सोडणार ते बोलायचं, आणि ते मरेपर्यंत सोडायचं. तो परत घेता येत नाही. बाकी कोणी गूळ सोडला असता तर मी म्हटलं असतं, बरं झालं, वजन उतरेल. पण आप्पा! आमच्या पिकातून निघणारी एकमेव गोष्ट ती. गुऱ्हाळावर कढईतल्या रसाचा वास घेऊन, न बघता, गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. गळ्याला भोक पडल्यावर नाकातून हवा जात नाही, त्यामुळं वास गेला. वास गेला तशी निम्मी चव गेली. उरलं होतं ते जिभेवरचं गोड. रोज जेवणानंतर गुळाचा खडा तोंडात धरून ते कितीतरी वेळ बसायचे.

मी दुपारीच बावड्याला गेले. आप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते. समोर बिनसाखरेचा चहा. मला बघून त्यांनी फडकं बाजूला केलं.

"आलीस. बरं झालं." श्वास. "घाल."

"काय घाल?"

"नळी." श्वास. "बकऱ्याचं तर बकऱ्याचं. घाल."

मी म्हटलं, "महाराजांना विचारलं?"

"न्हाय." जवळजवळ हसले ते. "इचारलं आसतं तर न्हाय म्हटलं आसतं. म्हणून इचारलंच न्हाय." मग बराच वेळ श्वास घेत राहिले. पुढचं लांब होतं, तुकड्या-तुकड्यानं आलं. "पाप हाय. ठावं हाय मला. म्हणून आदीच फेडायला घेतलंय. आवडीचं सोडलंय. त्या जिवाच्या नावानं. आता तू मोकळी. घाल."

ज्या दारातून त्यांनी आपणहून बाहेर पडावं म्हणून मी ते उघडलं होतं, त्यातूनच ते आत आले होते. सत्तर वर्षांचा धर्म त्यांनी माझ्या एका पळवाटेवर उतरवून ठेवला आणि वर किंमतही चुकती करून आले. मला त्यांचा भयंकर राग आला. खरंच आला. एवढा कडक माणूस, नेमकं आत्ताच वाकायचं? एकदा नाही म्हणायला काय झालं होतं?

तरीही मी सांगितलं नाही. म्हटलं, "बरं, बघते." आणि चार महिने टाळलं. रविवारी काम काढायची. फोनवर आईशीच बोलायची. मागून टेबलावर बोटाचा टकटक आवाज यायचा, आप्पांना बोलायचंय अशी खूण. मी म्हणायची, आई, रेंज जातेय.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. बावड्यात त्या दिवसांत अंगणात काळी राख पडते, दोरीवरचे कपडे परत धुवावे लागतात. आप्पांच्या गळ्याचं फडकं दिवसातून चारदा बदलावं लागायचं. मी एका सकाळी गेले तेव्हा शेजारचे काका गुऱ्हाळावरून पहिला गूळ घेऊन आले होते, अजून कोमट, केळीच्या पानात. नियमाचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पान आप्पांच्या पुढं धरलं. "घ्या, पाटील. तुमच्याशिवाय वर्षाचा गूळ चांगला म्हणायचा कुणी?" आप्पांनी पानाला हात लावून नमस्कार केला आणि पान माझ्याकडे सरकवलं. मी एक खडा तोंडात टाकला. टाकायलाच लागला, ते बघत होते.

"कसा हाय?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

काका गेल्यावर मी सगळं सांगितलं. तोंडात गुळाची चव तशीच होती. सांगितलं की नळी होत नाही. कोणालाच येत नाही, आम्हाला तर नाहीच. नखाएवढा तुकडा होतो, तो गळ्यात बसवायचा नसतो, त्यावर औषधं तपासायची, अभ्यास करायचा, पुढच्या पन्नास वर्षांनी कुणाचं तरी भलं होईल. पेपरातल्या बरणीत नुसतं बकरं होतं. तारीख नव्हतीच. कधीच नव्हती.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. भोकातून हवा येत-जात होती, फडकं आत-बाहेर होत होतं. मग त्यांनी फडकं वर केलं.

"मग तवाच न्हाय म्हणायचं." श्वास. "बकरं मधी कशाला आणलंस?"

त्यांनी श्वास घेतला आणि परत भोक दाबलं.

"मी न्हाय म्हणावं म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावायला आवाज लागतो, असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. आप्पा बिनआवाजाचेसुद्धा रागावू शकायचे. ते नुसते माझ्याकडे बघत होते, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही गूळ खा. ज्याच्यासाठी सोडला तेच नसंल तर नियम कशाला? महाराजांना मी जाऊन सांगते, चूक माझी हाय म्हणून."

"तुजं खोटं आसंल." श्वास. "माजा नियम खरा हाय की."

आई आतून बाहेर आली, आमच्याकडे बघून परत आत गेली. पानातला गूळ गार होऊन घट्ट झाला होता. त्यावर राखेचे दोन-तीन काळे ठिपके पडले होते, आप्पांनी ते नखानं काढले आणि पान नीट मिटलं. ते लॅमिनेट केलेलं कात्रण मागच्या कोनाड्यात होतं. मला वाटलं, आता ते काढून टाकतील. त्यांनी काढलं नाही. आजही तिथंच आहे, आणि कोणी आलं की ते अजूनही त्याकडे बोट दाखवतात.

मी जायला उठले तेव्हा त्यांनी टेबलावर टकटक केलं. मी थांबले.

"ते माजं," ते म्हणाले, "अजून हलतंय?"

"व्हय. हलतंय की." हे तरी खरं होतं. आदल्या दिवशीच मी पाहून आले होते. सगळ्या थाळ्यांमध्ये अजूनही त्यांचीच जोमात होती.

"त्यास्नी खायाला काय घालतीस?"

आमच्या पेशींचं खाणं लालसर रंगाचं असतं. त्यात क्षार असतात, साखर असते, आणि वाढीसाठी वासराच्या रक्तातला द्रव घालतात. न जन्मलेल्या वासराच्या. बाटलीवर तसं लिहिलेलंच असतं. मी दर दोन दिवसांनी तो माझ्या हातानं घालते.

"साखर," मी म्हटलं.

आप्पांनी बोट काढलं, श्वास घेतला, परत ठेवलं.

"घाल," ते म्हणाले. "त्यास्नी तरी घाल."